नवे यंत्र, जुना सर्व्हर

२५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टॉरवल्ड्सने आपण एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहीत असल्याचे मिनिक्स वापरणाऱ्या मंडळींना कळवले. त्या छोट्याशा निवेदनातच त्याने सांगून टाकले होते की हे काम ३८६ प्रोसेसरच्या खास सोयींवर बेतलेले आहे, ते दुसऱ्या यंत्रावर हलवता येण्यासारखे नाही, आणि एटी हार्ड डिस्क सोडून दुसरी कुठली डिस्क त्याला बहुधा कधीच चालणार नाही. घडले ते अगदी उलट. नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीत लिनक्स नसलेला एकही संगणक उरला नाही, आणि आपल्या खिशातला अँड्रॉइड फोनही त्याच कर्नलवर चालतो. या प्रकरणापुरते बोलायचे तर, आठ-दहा वर्षे सेवेत असलेल्या लिनक्स सर्व्हरची डिस्क काढून वेगळ्याच कंपनीच्या मशीनमध्ये बसवली, तरी पुष्कळदा ती काही घडलेच नाही अशी सुरू होते.

पण ज्या सर्व्हरवर एखाद्या संस्थेची मेल, पतपेढीचे हिशेब किंवा रुग्णांच्या नोंदी आहेत, तिथे ‘पुष्कळदा’ या शब्दावर विसंबून चालत नाही. ती का सुरू होते हे आधी समजून घेतले, की कधी सुरू होणार नाही हेही आपोआप कळते.

लिनक्सचा कर्नल प्रत्येक वेळी बूट होताना हार्डवेअरची चौकशी नव्याने करतो. पीसीआय बसवरचे प्रत्येक कार्ड आपल्या उत्पादकाचा क्रमांक आणि स्वतःचा क्रमांक सांगते. यूडेव्ह नावाचा प्रोग्रॅम ते क्रमांक पाहून जुळणारा ड्रायव्हर मागवतो. आणि असे हजारो ड्रायव्हर मॉड्यूलच्या रूपाने डिस्कवर आधीच तयार पडलेले असतात. काल कुठले नेटवर्क कार्ड होते याच्याशी आजच्या बूटला फारसे देणेघेणे नसते. विंडोज एक्सपीच्या काळात डिस्क दुसऱ्या मदरबोर्डवर लावली की निळा पडदा येऊन गाडी थांबायची, कारण डिस्क कंट्रोलरचा ड्रायव्हर इन्स्टॉलेशनच्या वेळीच ठरून जायचा. लिनक्समध्ये ही अडचण एकाच टप्प्यावर उरते. तिच्याकडे पुढे येऊ.

दुसरे कारण असे की लिनक्सवरची बहुतेक सगळी मांडणी साध्या मजकुराच्या फाइलींत असते, आणि त्यातल्या बऱ्याचशा ‘ईटीसी’ या एका डिरेक्टरीत असतात. कुठल्याही एडिटरने उघडाव्यात, वाचाव्यात, दुसरीकडे न्याव्यात. सर्व्हरवरचे प्रोग्रॅम जगात कुठेही पुन्हा मिळतात. माहितीचा बॅकअप असतो, निदान असायला हवा. या दोहोंच्या मध्ये माणसांनी घेतलेले निर्णय असतात: कोणाला लॉगिन करू द्यायचे, कुठले पोर्ट उघडे ठेवायचे, रात्रीचा बॅकअप किती वाजता घ्यायचा, मेलबॉक्स किती मोठी होऊ द्यायची. हे निर्णय वर्षानुवर्षे एकेक करून साचतात. ज्यांनी ते घेतले ती माणसे नोकरी बदलून गेलेली असतात आणि कारणे कुठे लिहिलेली नसतात. ‘कॉन्फिगर केलेला सर्व्हर’ म्हणतात तो हा साठा. नव्या हार्डवेअरवर जाताना तो सगळा बरोबर न्यायचा असतो आणि जुन्या लोखंडाला चिकटलेले तेवढे मागे ठेवायचे असते. सगळे कसब या दोन गोष्टी वेगळ्या ओळखण्यात आहे.

त्यामुळे पहिले काम जुन्या मशीनसमोर बसून करायचे, नवे मशीन खोक्यातून बाहेर काढण्याच्याही आधी. रेड हॅटच्या घराण्यातल्या सिस्टिमवर आरपीएमला ‘सगळे तपास’ म्हटले की पॅकेजबरोबर आलेल्या कोणत्या फाइली नंतर बदलल्या याची यादी तो देतो. डेबियनवर डेबसम्स हेच काम करतो. ही यादी म्हणजे त्या सर्व्हरचे अर्धे चरित्र असते. उरलेले अर्धे ईटीसीच्या बाहेर लपलेले असते. वापरकर्त्यांचे क्रॉनटॅब ‘व्हार’मधल्या स्पूलखाली असतात. हाताने कंपाइल केलेले प्रोग्रॅम ‘यूएसआर लोकल’मध्ये आणि बाहेरच्या कंपन्यांची सॉफ्टवेअरे ‘ऑप्ट’मध्ये सापडतात. रूटच्या घरात कोणीतरी लिहून ठेवलेल्या पाच-पंचवीस स्क्रिप्ट असतात, आणि त्यातल्या एकीवर पगाराची स्लिप अवलंबून असते.

याहून फसवे असते ते डिस्कवर नसलेले. कधीतरी घाईत दिलेला फायरवॉलचा नियम किंवा हाताने जोडलेला नेटवर्कचा मार्ग फक्त मेमरीत राहतो. सर्व्हर तीन वर्षे बंदच झालेला नसेल, तर तो तीन वर्षे काम करतो आणि सगळ्यांना वाटते, हे सेटिंगमध्येच आहे. डिस्कची हुबेहूब प्रत काढली तरी ती गोष्ट नव्या मशीनवर येत नाही, आणि मग दोष नव्या हार्डवेअरला दिला जातो. माझा आग्रह असा की स्थलांतराच्या आठवडाभर आधी जुनाच सर्व्हर, सोयीची वेळ ठरवून, एकदा रीबूट करावा. जे उठणार नाही ते जुन्याच यंत्रावर कळू द्यावे. मात्र त्याआधी पूर्ण बॅकअप हवा. वर्षानुवर्षे अखंड फिरत असलेली हार्ड डिस्क एकदा थांबून थंड झाली की पुन्हा फिरेलच याची खात्री नसते.

आता वाट निवडायची. डिस्कच उचलून नव्या मशीनमध्ये लावणे ही सर्वांत जवळची वाट. पण जुनी डिस्क म्हणजे जुन्या यंत्राचा सर्वांत झिजलेला भाग, आणि तोच पुढे नेण्यात शहाणपण नाही. दुसरी वाट म्हणजे नव्या डिस्कवर सगळी फाइल सिस्टिम जशीच्या तशी उतरवणे. तिसरी म्हणजे ताजे इन्स्टॉलेशन करून त्यावर मांडणी आणि माहिती आणणे. निवड बहुतेक वेळा वितरणाच्या वयावर ठरते. सेंटओएस ७ चा कर्नल मूळचा २०१३ सालचा, ३.१० मालिकेतला, आणि त्या वितरणाचा आधार ३० जून २०२४ रोजी संपला. आजच्या मदरबोर्डवरच्या नेटवर्क चिपचा ड्रायव्हर त्याच्याकडे असेलच असे नाही, आणि असला तरी सुरक्षेच्या दुरुस्त्या आता येणार नाहीत. असे वितरण नव्या यंत्रावर नेणे म्हणजे कष्ट करून जुने दुखणे सांभाळणे. तिथे तिसरीच वाट घ्यावी. वितरणाला अजून काही वर्षांचे आयुष्य असेल तर मी दुसरी घेईन: एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आज हार्डवेअर, पुढे कधी ऑपरेटिंग सिस्टिम. दोन्ही एकदम बदलले आणि काही बिघडले, तर कारण कुठे शोधायचे हेच ठरत नाही. प्रोसेसरची जात बदलत असेल, म्हणजे इंटेल-एएमडीच्या घराण्यातून एआरएमकडे जायचे असेल, तर निवडच नाही. तिथे ताजे इन्स्टॉलेशन.

प्रत काढण्यासाठी आरसिंक हे साधन जवळपास सगळे वापरतात. ॲन्ड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी ते १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियात लिहिले. त्याची खुबी अशी की दुसऱ्यांदा चालवले की ते फक्त फरक पाठवते. म्हणून पहिली फेरी सर्व्हर चालू असतानाच करायची. तिला रात्रभर लागू दे. मग सेवा थांबवून दुसरी फेरी करायची, आणि ती बरेचदा काही मिनिटांत आटोपते. लोकांना सर्व्हर बंद दिसतो तो तेवढाच वेळ. डीडीने डिस्कची कच्ची प्रत काढणे सोपे वाटते, पण ते रिकाम्या जागेचाही प्रत्येक ब्लॉक वाहून नेते आणि फाइल सिस्टिमचा ओळख क्रमांकही तोच उतरवते. मग दोन्ही डिस्क एकाच मशीनमध्ये जोडल्या तर एक्सएफएस दुसरी माउंट करायलाच नकार देते.

आरसिंकच्या नेहमीच्या ‘आर्काइव्ह’ पर्यायात सगळे येते असा समज आहे, पण हार्ड लिंक, एसीएल आणि एक्स्टेंडेड ॲट्रिब्यूट यांच्यासाठी मोठ्या लिपीतली एच, ए आणि एक्स ही अक्षरे वेगळी द्यावी लागतात. प्रोक, सिस, डेव्ह आणि रन या डिरेक्टऱ्यांतला मजकूर वगळायचा, कारण तो चालत्या कर्नलने उभा केलेला असतो. आणखी एक पर्याय मी कधीच विसरू देणार नाही: मालकी आकड्यांनीच न्या. लिनक्स फाइलीवर मालकाचे नाव लिहीत नाही, क्रमांक लिहिते. आरसिंक मात्र दोन्हीकडे तेच नाव सापडले तर नावावरून जुळवणी करते, आणि प्रत उतरवताना समोर असते ती यूएसबीवरून चालवलेली एखादी तात्पुरती सिस्टिम. तिथे पोस्टग्रेसला वेगळाच क्रमांक असेल तर फाइलींवर तो क्रमांक पडतो, आणि मूळ सिस्टिम उठल्यावर डेटाबेसला स्वतःच्याच फाइली परक्या होतात. ताज्या इन्स्टॉलेशनच्या वाटेने जाणाऱ्यांना हा त्रास उलट बाजूने होतो. डेबियनवर वेब सर्व्हरच्या वापरकर्त्याचा क्रमांक ३३ ठरलेला आहे, पण बऱ्याच सेवांना क्रमांक मिळतो तो त्या कोणत्या क्रमाने बसवल्या त्यावरून.

डेटाबेसचा विषय निघालाच आहे तर तिथे थोडे थांबू, कारण इथे होणारे नुकसान दिसत नाही. चालू डेटाबेसच्या फाइलींची प्रत घेऊ नये. पहिली फाइल उचलल्यापासून शेवटची उचलेपर्यंत आत बदल होत असतात आणि प्रत कोणत्याच एका क्षणाची राहत नाही. सेवा थांबवा, किंवा डेटाबेसच्याच साधनाने डम्प घ्या. हे बहुतेकांना ठाऊक असते. कमी ठाऊक असलेली गोष्ट अक्षरक्रमाची आहे. पोस्टग्रेस मजकुराचे इंडेक्स रचते तेव्हा कोणता शब्द आधी आणि कोणता नंतर हे, नेहमीच्या मांडणीत, ती ऑपरेटिंग सिस्टिमच्या जीलिबसी या लायब्ररीला विचारते. ऑगस्ट २०१८ मध्ये आलेल्या जीलिबसी २.२८ ने हा क्रम मोठ्या प्रमाणावर बदलला. तिच्यासह आलेल्या डेबियन १० किंवा रेड हॅट ८ वर जुन्या सिस्टिममधली डेटाची डिरेक्टरी तशीच आणून ठेवली तर पोस्टग्रेस विनातक्रार सुरू होते, पण इंडेक्स जुन्या क्रमाने रचलेला आणि शोध नव्या क्रमाने. ‘११’ आणि ‘१-१’ यांचा क्रम उलटला हे त्यातले गाजलेले उदाहरण. परिणाम असा की टेबलात असलेली नोंद शोधून सापडत नाही, आणि ‘नाही’ म्हणून ती दुसऱ्यांदा भरली जाते. एकमेव असायला हवी अशी नोंद दोनदा होते. सभासदांची मराठी नावे, पत्ते, पावती क्रमांक असलेल्या कुठल्याही संस्थेला हे लागू आहे, कारण तो सगळा मजकूरच असतो. उपाय साधा आहे, सगळे इंडेक्स पुन्हा रचायचे. किंवा मुळातच डम्प घेऊन तो नव्या सर्व्हरवर भरायचा, म्हणजे इंडेक्स तिथल्याच क्रमाने तयार होतात. पण उपाय करायला आधी हे ठाऊक असावे लागते.

फाइली पोचल्या. आता यंत्र उठवायचे, आणि मघाशी बाजूला ठेवलेली अडचण इथे येते. हजारो ड्रायव्हर डिस्कवर असतात खरे, पण डिस्क वाचायलाच ड्रायव्हर लागतो. किल्ली कपाटात आणि कपाटाला कुलूप, असा हा प्रसंग. त्यातून सुटण्यासाठी बूटलोडर कर्नलबरोबर इनिटरॅमएफएस नावाची एक लहानशी फाइल सिस्टिम मेमरीत ठेवतो, आणि डिस्क उघडण्यापुरते ड्रायव्हर त्यात असतात. डेबियन नेहमीच्या मांडणीत त्यात बहुतेक सगळे डिस्क ड्रायव्हर भरते, त्यामुळे तिथे सहसा निभावते. रेड हॅट, फेडोरा यांच्यावर ते काम ड्रॅकट करते आणि समोर आहे त्याच यंत्रापुरते ड्रायव्हर घेते. जुन्या यंत्रात साटा डिस्क आणि नव्यात एनव्हीएमई असेल तर कर्नल उठतो, मूळ फाइल सिस्टिम शोधत राहतो आणि शेवटी आणीबाणीच्या शेलमध्ये येऊन थांबतो. पुष्कळजण इथे घाबरतात आणि सगळे पुन्हा इन्स्टॉल करायला घेतात. त्याची गरज नसते. बूटच्या यादीत तळाला ‘रेस्क्यू’ नावाची नोंद असते. तिच्या इनिटरॅमएफएसमध्ये सगळ्या प्रकारच्या यंत्रांचे ड्रायव्हर असतात. तिच्यातून आत शिरावे आणि ड्रॅकटला नवी प्रत करायला सांगावे. त्याहून चांगले, जुन्या यंत्रावरून निघण्यापूर्वीच ‘फक्त याच यंत्रापुरते’ हा नियम काढून इनिटरॅमएफएस नव्याने बांधून घ्यावी.

बूटलोडरचे तसे नाही. तो फाइलींच्या प्रतीबरोबर येतच नाही. जुन्या बायोस पद्धतीत त्याचा पहिला तुकडा डिस्कच्या पहिल्या सेक्टरमधल्या ४४६ बाइटांत बसतो, म्हणजे कुठल्याही डिरेक्टरीबाहेर. नव्या यूईएफआय पद्धतीत तो फॅट स्वरूपाच्या एका वेगळ्या विभागात असतो, आणि कुठली फाइल चालवायची याची नोंद मदरबोर्डवरच्या मेमरीत राहते. ती जुन्या मदरबोर्डबरोबर मागेच जाते. जुने यंत्र बायोसचे आणि नवे यूईएफआयचे असेल, जे आज हमखास असते, तर नव्या डिस्कवर जीपीटी पद्धतीचे विभाग करून हा फॅट विभाग मुद्दाम ठेवावा लागतो. दोन टेराबाइटपलीकडच्या डिस्कला जीपीटी तशीही हवीच, कारण जुना एमबीआर तक्ता तेवढ्यापुढचे पत्ते लिहूच शकत नाही. मग यूएसबीवरून उठायचे, नवी फाइल सिस्टिम माउंट करायची, डेव्ह, प्रोक आणि सिस तिच्यात जोडायच्या, चरूट करून आत जायचे आणि ग्रब हा बूटलोडर बसवायचा. ती यूएसबी स्वतः यूईएफआय पद्धतीने उठलेली असली पाहिजे. बायोस पद्धतीने उठली तर मदरबोर्डच्या मेमरीत नोंद करायची वाटच उघडत नाही. या एका कारणापायी कित्येक रात्री वाया गेल्या असतील.

उरतात ती नावे. एफएसटॅबमध्ये ‘एसडीए१’ असे नाव लिहिलेले असेल तर ते एनव्हीएमईवर सापडणार नाही. यूयूआयडी लिहिलेला असेल तर तो प्रत काढलेल्या नव्या फाइल सिस्टिमचा आहे का ते पाहावे. आता न आणलेल्या एखाद्या जुन्या बॅकअप डिस्कची ओळ तिथे राहिली, तर सिस्टिमडी तिची ९० सेकंद वाट पाहते आणि मग संपूर्ण सर्व्हर आणीबाणीच्या अवस्थेत नेते. सॉफ्टवेअर रेडच्या डिस्क मात्र आपली जुळणी स्वतःवरच लिहून ठेवतात, त्यामुळे त्या कुठल्याही यंत्रात जोडल्या तरी उभ्या राहतात; फार तर रेडचे नाव ‘एमडी१२७’ असे अनोळखी दिसते. हार्डवेअर रेड कार्डाच्या डिस्कना तसल्याच घराण्यातले कार्ड लागते, आणि म्हणून मी लहान संस्थांना सॉफ्टवेअर रेडच सुचवतो. नेटवर्क कार्डाचे तर हमखास होते. पूर्वी यूडेव्ह जुन्या कार्डाचा मॅक पत्ता लिहून ‘ईटीएच०’ हे नाव त्याच्यासाठी राखून ठेवायचा, त्यामुळे नवे कार्ड ‘ईटीएच१’ व्हायचे. २०१३ पासून सिस्टिमडीने कार्ड कुठल्या खाचेत आहे त्यावरून नाव द्यायला सुरुवात केली, पण नव्या मदरबोर्डवर खाचच वेगळी असते. दोन्ही वेळा सर्व्हर व्यवस्थित उठतो आणि नेटवर्कवर दिसत नाही. म्हणून पहिल्या बूटच्या वेळी समोर कीबोर्ड आणि पडदा असावा, किंवा दुरून कन्सोल दाखवणारी सोय.

एवढे झाले की जुना आणि नवा असे एकाच ओळखीचे दोन सर्व्हर तयार असतात, आणि ते एकाच वेळी नेटवर्कवर असता कामा नयेत. एसएसएचच्या होस्ट की मुद्दाम त्याच ठेवाव्यात. बदलल्या तर प्रत्येक वापरकर्त्याला ‘समोरचे यंत्र बदलले आहे’ असा इशारा दिसतो, आणि लोकांना तो इशारा दुर्लक्षायची सवय लावणे धोक्याचे आहे. मशीन-आयडी ही फाइल मात्र दोन यंत्रांवर एकाच वेळी नको, कारण सिस्टिमडीचा नेटवर्क भाग तिच्यावरून डीएचसीपीला ओळख देतो आणि दोघांना एकच पत्ता मिळू शकतो. आयपी पत्ता तोच ठेवला तरी शेजारच्या राउटरला जुन्या कार्डाचा मॅक पत्ता आठवत असतो. सिस्कोच्या राउटरमध्ये ही आठवण मूळ मांडणीत ४ तास टिकते. राउटरवरची ती नोंद पुसावी किंवा नव्या सर्व्हरकडून एआरपीची घोषणा करावी. पत्ता बदलत असेल तर डीएनएसमधल्या नोंदीची मुदत ८६,४०० सेकंदांवरून ३०० वर आणायची, पण ती निदान एक दिवस आधी. कारण जुनी मुदत घेऊन गेलेले लोक तो दिवस संपेपर्यंत परत विचारायला येत नाहीत. घड्याळही बघावे. खोक्यातून आलेल्या मदरबोर्डची वेळ वाटेल ती असते, आणि चुकीच्या वेळेवर प्रमाणपत्रे खोटी ठरतात.

सगळे सुरळीत दिसू लागले की सुटकेचा निःश्वास टाकावासा वाटतो, पण काही दोष मुदतीने उगवतात. लेट्स एन्क्रिप्टच्या डिरेक्टरीत चालू प्रमाणपत्रांच्या जागी सिम्बॉलिक लिंक असतात. प्रत काढताना त्यांच्या साध्या फाइली झाल्या तर वेबसाइट आज नीट चालते आणि पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी अडते. ९० दिवसांच्या प्रमाणपत्रात ती वेळ दीड-दोन महिन्यांनी येते, तेव्हा स्थलांतराची आठवणही कोणाला नसते. नूतनीकरणाची रंगीत तालीम करायची सोय सर्टबॉटमध्ये आहे. ती पहिल्याच दिवशी करून पाहावी. क्रॉनमधली महिन्याची कामे पहिल्या तारखेला कळतात, आणि ३१ मार्चला एकदाच चालणारी वर्षअखेरीची स्क्रिप्ट ३१ मार्चलाच. अशी कामे यादीत शोधून, चाचणीच्या माहितीवर, हाताने चालवून बघणे एवढेच हातात असते. बॅकअप नव्या सर्व्हरवरून घेतला जातो आहे का, आणि त्यातली एखादी फाइल परत काढता येते का, हेही पहिल्या आठवड्यातच पाहावे.

तोवर जुने यंत्र नेटवर्कची वायर काढून, बंद करून, आहे तसेच ठेवावे. निदान एक महिनाअखेर आणि प्रमाणपत्राचे एक नूतनीकरण पार पडेपर्यंत त्याच्या डिस्कला हात लावू नये. नव्या सर्व्हरवर काही सापडले नाही तर मूळ जागा तीच. त्यानंतर पुसायचे. फिरत्या डिस्कवर एकदा सगळीकडे नवे आकडे लिहिणे पुरते. एसएसडीवर तसे लिहून भागत नाही, कारण झीज सारखी व्हावी म्हणून ती लिखाण आतल्या आत दुसरीकडे वळवते आणि जुने तुकडे शिल्लक राहतात. तिला तिचीच पुसण्याची आज्ञा द्यावी लागते. सुरुवातीपासून लक्सने एन्क्रिप्ट केलेली डिस्क असेल तर तिच्या किल्ल्या पुसल्या की काम झाले. उरलेला सांगाडा भंगारात न टाकता नोंदणीकृत ई-कचरा पुनर्चक्रकाकडे द्यावा. १ एप्रिल २०२३ पासून देशभर लागू असलेल्या ई-कचरा नियमांनुसार मोठ्या प्रमाणावर उपकरणे वापरणाऱ्या संस्थांवर ती जबाबदारी आहे.